पौषातला हाका

खोरवाडी, ता. संगमेश्वर
सोमवार, ९ डिसेंबर २०२४

राही महिपत शितप हीस,

आशीर्वाद लिहीत नाही. घ्यायची इच्छा असलेल्याला द्यावेत.

फोनवर तू मला बंद करून ठेवलंस, आईचा तेवढा उचलतेस. म्हणून हा कागद. लोट्याच्या खोलीचा पत्ता आईकडून काढून घेतला. ती देत नव्हती, तिच्यावर राग धरू नको.

देवदिवाळीला तू वाडीत येऊन गेलीस. मला कुणी सांगितलं, तर एस.टी.च्या कंडक्टरने. रावजी शिगवणाच्या ओटीवर दोन तास बसलीस आणि आलीस त्याच गाडीने माघारी गेलीस. आपलं घर तिथून हाकेवर. आईने वडे तळले होते. बापाच्या उंबऱ्याला पाय लागला असता तर पाय झडला असता का?

तो गेल्या पौषातला रविवार तुला विसरायचा असेल. विसर. पण विसरताना निदान खरं काय ते लक्षात ठेव, म्हणून लिहितो.

तुझा वनरक्षकाचा कागद आला होता. पाच फेब्रुवारीला चिपळूणला हजर व्हायचं होतं. मी म्हटलं, एकदा ती खाकी अंगावर चढली की बंदूक हातात धरशील ती सरकारची. दहा वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर रान तुडवलंस, शिकारीचा शेवटचा एक हाका होऊन जाऊ दे. तू दोनदा नाही म्हणालीस, तिसऱ्यांदा आलीस. ओढून नेलं नव्हतं. आज्याची ठासणीची बंदूक तू स्वतः खुंटीवरून काढलीस.

पऱ्याच्या वळणावर, पाण्याकडेला, मी कातळाशी बसलो, तू समोरच्या अंगाला ऐनाच्या झाडाखाली. रावजी आणि पाच जण वरून हाकारत उतरत होते. भेकर खाली आलं. तुझा बार आणि माझा बार एका दमात निघाले. भेकर सुटलं आणि रावजी पडला. तो रांग सोडून पुढे आला होता ही त्याची चूक. तू घाई केलीस ही तुझी. मी त्या दिवशी रागावलो नाही, आजही त्यासाठी रागावत नाही. माणसाच्या हातून होतं.

त्यानंतर कोण उभं राहिलं? रावजीला खुर्चीत बसवून रस्त्यापर्यंत कुणी आणलं? पोलिसांपुढे तो बोलला की डुकरासाठी कुणीतरी लावलेल्या बंदुकीच्या तारेवर पाय पडला. ते त्याला मी शिकवलं. तुझं नाव घेऊन त्याच्या पाया पडलो तेव्हा तो तयार झाला. आणि तू काय केलंस? सरकारी नोकरीवर पाणी सोडलंस आणि लोट्याला पळालीस. वर्षात एकदाही त्याच्या दारात गेली नाहीस. आता गेलीस ती कशाला? झाकलेलं उकरायला गेली असशील तर नीट ऐक, त्याखाली तूच सापडशील.

दार उघडं आहे वगैरे लिहीत नाही. आधी कशाला आली होतीस ते कळव.

महिपत


लोटे
१८ डिसेंबर २०२४

बाबा,

तुम्ही कारण विचारलंत, सांगते.

रावजीकाकांचा गुडघा नोव्हेंबरात पुन्हा सुजला. रत्नागिरीला नेलं, तेव्हा आत राहिलेला एक छर्रा निघाला. हे तुम्हाला माहीत असणार. मला माहीत नव्हतं. मालनकाकीने फोन केला तो छर्र्याबद्दल नव्हताच. ती म्हणाली, "ते तुझी आठवण काढतायत. येऊन जा गो एकदा. रागावलेले नायत."

मी दहा महिने त्या ओटीकडे पाहायला घाबरत होते. गेले तेव्हा काका खराटे बांधत बसले होते. पाय काठीसारखा समोर पसरलेला. झाडाच्या शेंड्याला जाऊन आंबे उतरवणारा माणूस, बाबा. त्यांनी मला बसायला पाट सरकवला.

"पाय गेला तो गेला," म्हणाले. "तू नोकरी का सोडलीस गो? मी पोलिसांम्होरं खोटं बोललो, ते काय तू कंपनीत बाटल्या धुवाव्यास म्हणून?"

मी रडत होते. काकी चहा घेऊन आली आणि माझं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून असेल, औषधाच्या गोळ्यांची जुनी डबी आणून दाखवायला लागली. "हे बघ, एवढंसं वर्षभर आत बसून होतं."

मी तो छर्रा हातावर घेतला. वाटाण्याएवढा, गोल, गुळगुळीत.

त्या रविवारी सकाळी ठासणीचे छर्रे संपले होते. पायरीवर बसून तुम्ही शिशाची पट्टी छिन्नीने तोडलीत, चौकोनी तुकडे केलेत आणि माझ्यासमोर बार भरलात. मी विचारलं, "गोल नसले तर चालतात काय?" तुम्ही म्हणालात, "जवळून मारायचंय, चालतंय." माझ्या बंदुकीत एकही गोल दाणा नव्हता. गोल छर्रे काडतुसात असतात. काडतुसाची बंदूक त्या रानात एकच होती, आणि ती तुमच्याजवळ होती.

मी त्यांना काही बोलले नाही. डबी परत दिली आणि गाडी पकडली. तुमच्या उंबऱ्याशी आले असते तर काय केलं असतं, ते मला माहीत नाही.

पळालीस म्हणता. पाच फेब्रुवारीला मी चिपळूणला गेले होते. वनखात्याच्या ऑफिसच्या फाटकासमोर रिक्षा थांबली. आत जाऊन जनावरं राखण्याची शपथ घ्यायची आणि इकडे माणसाला लंगडं करून ठेवलेलं. रिक्षावाल्याला म्हटलं, फिरव. तीन किलोमीटर धावून, दोन परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी मी फाटकातून परत केली. इथे बॉयलरची वाफ सुटून मोठा आवाज झाला की मी जिथे असेन तिथे खाली बसते. मुली हसतात. त्यांना मी सांगितलंय की मला लहानपणापासून आवाजाची भीती आहे. मला, बाबा. तुमच्या मुलीला.

एक ओळ लिहा. रावजीकाकांना कुणाचा बार लागला?

राही


खोरवाडी
रविवार, २९ डिसेंबर २०२४

राही,

पत्र मिळालं. मला 'तुम्ही' लिहितेस. सत्तावीस वर्षं मी 'तू' होतो. तालुक्याच्या साहेबाला लिहितात तसं लिहिलंयस, तर साहेबासारखंच उत्तर घे.

पंचेचाळीस वर्षं मी बंदूक धरतोय. कुणाच्या भातात डुकरं उतरली की चार वाड्यांतून मला बोलावणं येतं. अंगणात उभा राहून माडावरचा एकच नारळ पाड म्हटलं तर तोच पाडीन. माझा बार माणसाला लागेल? हे तू लिहितेस, जिला बंदूक धरायला मी शिकवलं?

शिशाबद्दल तुला काय कळतं? शिसं मऊ असतं. हाडावर आपटलं, मांसात फिरलं, वर्षभर घासलं, की कोपरे राहत नाहीत. एका दाण्यावरून बापाला गुन्हेगार ठरवतेस. त्या दिवशी देवरुखच्या दवाखान्यात पाच निघाले ते पाचही गोलच होते, मग ते काय सगळे माझे? डोकं चालव जरा.

आणि एवढा वर्षभर त्रास झाला म्हणतेस, तर तो तू करून घेतलास. मी म्हटलं होतं नोकरीवर जा. रावजीने तोंड बंद ठेवलं होतं, वाडीने ठेवलं होतं. पोरीच्या हातून झालं, जाऊ दे, असं सगळे म्हणाले. कुणी तुला एक शब्द बोललं? तुला माफ करायला गाव तयार होतं. तुलाच माफी नको होती. मोठेपणा आहे तो. आईकडचा.

ती चार दिवस माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि मागच्या पडवीत जाऊन बसते. तिला तू काय सांगितलंस? घरात फूट पाडून तुला काय मिळणार आहे?

ठाण्याची पायरी चढायचं मनात असेल तर आधी विचार कर. भेकराच्या मागे दोघं होतो. कायदा सगळा तुला पाठ आहे, परीक्षा दिलीयस. आत जाताना बाप एकटा जाणार नाही.

महिपत


लोटे
९ जानेवारी २०२५

बाबा,

देवरुखच्या डॉक्टरांनी काढलेलं कुणालाच दाखवलं नाही, असं तुम्ही मला तेव्हा सांगितलं होतंत. मी तीनदा विचारलं होतं. किती निघाले, कसे होते. तुम्ही म्हणालात, "मला आत घेतलं नाय, बघितलं नाय." आता लिहिता, पाच निघाले आणि पाचही गोल होते.

म्हणजे तुम्ही पाहिले होते. त्याच दिवशी.

मी हे वाक्य कंपनीच्या बसमध्ये वाचलं. माझा थांबा गेला, मला कळलं नाही. पुढच्या वळणावरून चालत आले.

आईला मी काही सांगितलं नाही, तिला विचारलं. ती बोलली. दोन वर्षं तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतता. उजव्या डोळ्यावर पडदा आलाय हे डॉक्टरने सांगितलं, त्यावर तुम्ही तिला शपथ घातलीत की कुणाजवळ बोलायचं नाही, नाहीतर बंदुकीचा परवाना जाईल. लोकसभेच्या निवडणुकीला दोन्ही बंदुका ठाण्यात जमा केल्यात, त्यानंतर विधानसभाही होऊन गेली, आणि त्या आणायला तुम्ही गेला नाहीत. आई म्हणाली, "मला वाटलं, म्हातारपण आलं."

हा डोळा घेऊन तुम्ही कातळावर बसलात आणि समोरून माणसं चालत येत होती.

दवाखान्याच्या बोळात मी भिंतीला टेकून उभी होते. तुम्ही आतून आलात. मी म्हटलं, "बाबा, मी काय केलं हे?" तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. काही बोलला नाहीत. वर्षभर मी तो हात आठवत जगले. वाटायचं, एवढं करूनही बापाने टाकलं नाही मला. तुम्हाला खरं माहीत होतं आणि तुम्ही तो हात ठेवलात. बार चुकण्याचं मी समजू शकते. तो हात मला समजत नाही, आणि समजून घ्यायची इच्छाही नाही.

सोमवारची, २७ जानेवारीची मी रजा टाकली आहे. सकाळी ठाण्यात जाईन, तिथून वनखात्यात. माझ्या हातात बंदूक होती, मी भेकरावर चाप ओढला, हे मी सांगणार आहे. मग तुमचं सांगेन. तुम्ही धमकी दिलीत ती वाया गेली, मला बाहेर राहायचं नाहीच आहे. पुन्हा वनरक्षकाचा अर्ज भरता येणार नाही, तेही मी जाणते.

त्याआधी रावजीकाकांना तुम्ही सांगायचं. त्यांच्या ओटीवर बसून, मालनकाकीसमोर. हे त्यांनी माझ्या तोंडून ऐकू नये.

मला वाचवायला काही करू नका. तुमचं वाचवणं मी पाहिलं.

राही


खोरवाडी
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

राही,

तुझ्या म्हणण्याप्रमाणे झालं. कसं झालं ते तुला कळायला हवं म्हणून लिहितो. यात माझ्याबद्दल बरं वाटावं असं काही शोधू नको.

शुक्रवारी, २४ तारखेला सकाळी रावजीकडे गेलो. तो खराटा बांधत होता. मालन तांदूळ पाखडत होती, तिला म्हटलं, तूही ऐक. उभ्याउभ्याच सांगितलं. बार माझा होता. कारवीच्या झुडपांत तपकिरी काहीतरी हललं, उजव्या डोळ्याला तेवढंच दिसलं. रावजीचा स्वेटर होता.

रावजीने हातातला खराट्याचा हीर खाली ठेवला नाही.

"राहीला म्हायती हाय?" त्याने विचारलं.

"आता हाय."

"आता म्हंजे?"

"गेल्या महिन्यापासून."

"आणि आधीचं वर्ष?"

त्याने खराट्याची गाठ ओढून आवळली. मग म्हणाला, "पायाचं मी सोडलं असतं, महिपत. पायाचं." पन्नास वर्षं आम्ही एका रानात हिंडलो. मालनने सूप बाजूला ठेवलं आणि म्हणाली, "उठा भावजी. माज्या ओटीवरून उठा." मी उभाच होतो, पण ती तसंच म्हणाली.

शनिवारी ठाण्यात गेलो. तू सोमवारी जाणार, पोरीच्या मागून बाप आला असं व्हायला नको होतं. हाही अभिमानच, म्हण हवं तर. साहेबाने सगळं लिहून घेतलं, दोनदा वाचून दाखवलं. परवाना गेल्यात जमा आहे. केस होईल. रावजीलाही बोलावलं, खोटा जबाब दिला म्हणून. तेही माझंच पाप. तुझं नाव मी लपवलं नाही. राही होती, तिच्या हातात ठासणीची बंदूक होती, तिने बार काढला, असं सांगितलं. तुला वाचवायचं नाही अशी तुझी आज्ञा होती.

सोमवारी मी समोरच्या चहाच्या टपरीत होतो. तू बघितलंस. आत गेलीस, दोन तासांनी बाहेर आलीस आणि माझ्या अंगावरून रिक्षाकडे गेलीस. मी हाक मारली नाही. मारली असती तरी तू थांबली नसतीस.

आता दवाखान्याचं. स्टीलच्या ताटलीत पाच दाणे होते. माझ्या काडतुसाचे. माझे मला ओळखायला डोळ्यांची गरज नाही, बोटाने चाचपले. बाहेर आलो ते सांगायलाच आलो होतो. तोंड उघडलं होतं. तेवढ्यात तू बोललीस, मी काय केलं हे. आणि मला वाट दिसली. मी तुझ्यावर आळ घातला नाही, राही, तू घेतलास आणि मी नाही म्हटलं नाही. केलं ते एवढंच. एवढंच म्हणजे किती, ते मला समजतं. समजत नाही असं समजू नको.

का, तर महिपतचा बार माणसाला लागला, महिपत आंधळा झाला, हे वाडीने बोललेलं मला चाललं नसतं. राहीचा लागला हे सोपं होतं. पोरगी आहे, लोक सोडतात. तू नोकरीवर जाशील, लग्न होईल, विसरशील, असं धरून चाललो होतो. तू फाटकातून परत आलीस तेव्हा सांगायला हवं होतं. तेव्हा वाटलं, आता उशीर झाला. मग रोज थोडा थोडा उशीर होत गेला.

तुझ्या आईने ताट वाढायचंही बंद केलंय. मी माझं घेतो. तिला मी दोष देत नाही.

एक राहिलं. हे तुला माहीत नाही, रावजीला नाही, आईलाही नाही.

हाक्याच्या तिसऱ्या दिवशी मी एकटा पऱ्यात उतरलो होतो. रक्त दिसलं. रावजी पडला तिथलं नव्हे, पलीकडच्या अंगाचं. ते धरून खाली गेलो, तर करवंदीच्या जाळीत भेकर पडलं होतं. मादी होती. मानेत चार तुकडे. कोपऱ्यांसकट, चौकोनी, मी तोडलेले. पळत्या जनावराला, ठासणीने, समोर उतार असताना. असा बार मला माझ्या चांगल्या दिवसांतही जमला नसता. तुझा नेम माणसाकडे गेलाच नव्हता, याची साक्ष माझ्यापुढे पडली होती. मी खड्डा खणला आणि ती पुरली. वर धोंडे रचले.

साहेबाला मी सांगितलं की भेकर पळालं. तूही तेच सांगितलं असशील. तुझ्यापुरतं ते खरं होतं. जनावर मेलं म्हटलं की तुझा गुन्हा कितीने वाढतो ते तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं. वाचवू नको म्हणालीस, तरी इथे मी खोटं बोललो. आता हा कागद तुझ्या हातात आहे. चुलीत घाल, नाहीतर वनखात्याच्या साहेबापुढे ठेव. काय केलंस ते मला कळवू नको.

माफी मागत नाही. मागितली की ती द्यायची की नाही हा भार पुन्हा तुझ्यावर.

मोतीबिंदू काढायला मार्चमध्ये बोलावलंय. आई येणार नाही म्हणाली, एकटा जाईन. तू येऊ नको. वाडीत आलीस तर रावजीकडे उतर, तो वाट बघतो.

ती मादी कुठे पुरली आहे ते मात्र विचारू नको. तुला सांगणार नाही आणि साहेबालाही नाही.

महिपत